रेंजवाले मास्तर: वायरलेसच्या प्राध्यापकीची ३७ वर्षं

खाडीपलीकडचा (धागालेखक)

गणपतीला गावी गेलो की आरती संपून प्रसाद हातावर पडायच्या आत कुणीतरी मोबाइल पुढे करतो. "मास्तर, ह्याला रेंज का नाय येत?" अभियांत्रिकी महाविद्यालयात ३७ वर्षं शिकवलं, त्यातली निम्म्याहून जास्त वायरलेस नेटवर्किंग, आणि वाडीत माझी ओळख 'रेंजवाले मास्तर'. मी फोन हातात घेतो, उलटसुलट करून बघतो, विमान मोड चालू-बंद करून परत देतो. कधीकधी तेवढ्यानं रेंज येते. मग माझी पत वाढते.

खरं म्हणजे रेंज हा माझा विषयच नव्हे. हवा एक, बोलणारे अनेक. तर कुणी कधी बोलावं आणि कधी गप्प बसावं, हा माझा विषय. गेल्या गणपतीत पुतण्याच्या मुलानं नेमका नको तो प्रश्न विचारला: "आजोबा, तुम्ही नक्की काय शोधलंत?" माझं त-त-प-प झालं. तेव्हा न सुचलेलं उत्तर इथं टंकतोय. मोठं आहे, सवडीनं वाचा.

आमची वाडी जयगडच्या खाडीकाठी. लहानपणी पलीकडे जायचं म्हणजे तरीतून, आणि तरवाल्याचं घर पलीकडच्या काठावर. इकडच्या धक्क्यावर उभं राहून हातांचा पोंगा करायचा आणि "तरी ओऽऽऽ" अशी हाक घालायची. खाडी तिथं सातेकशे मीटर रुंद, म्हणजे हाक पोचायला दोन सेकंद. ऐकू गेली की तरवाला दिवसा पंचा हलवायचा, तिन्हीसांजेनंतर कंदील. कंदील दिसला की गप्प बसायचं. नाही दिसला की पुन्हा हाक.

धक्क्याच्या बाजूला कातळाचं एक नाक पाण्यात घुसलेलं, त्याच्यामागे दुसरी वाडी. तिथली माणसंही त्याच तरवाल्याला हाका मारत. आम्हाला त्यांची हाक ऐकू येत नसे, त्यांना आमची. तरवाल्याच्या कानावर मात्र दोन्ही एकदम आदळत आणि त्याला कुणाचंच धड कळत नसे. कंदील हलायचा नाही. आम्ही पुन्हा ओरडायचो, तेही पुन्हा ओरडायचे. पुन्हा तोच गोंधळ. आजी म्हणायची, "मनात येईल तेवढे आकडे मोज नि मग हाक घाल. दरवेळी तेवढेच नको मोजूस." आजी शाळेची पायरी चढली नव्हती.

१९८८ साली मी व्याख्याता म्हणून लागलो. श्रेणी २२००-४०००, ती कागदावर. विनाअनुदानित महाविद्यालयं १९८३ नंतर धडाधड निघाली होती आणि त्यांना शिकवायला माणसं हवी होती. पदवीची शाई वाळली नव्हती अशी आम्ही पोरं उभी राहिलो फळ्यापुढे. मायक्रोवेव्हच्या प्रयोगशाळेत एक रिफ्लेक्स क्लायस्ट्रॉन (सूक्ष्मलहरी निर्माण करणारी नळी) होता. तो तापायला वेळ घ्यायचा आणि तापला की वीज जायची. चार-पाच वर्षांनी 'कंप्युटर नेटवर्क्स' हा विषय माझ्या गळ्यात पडला, कारण ज्येष्ठांपैकी कुणालाच तो नको होता. रात्री उद्याचा धडा वाचायचा, सकाळी शिकवायचा. अशाच एका रात्री 'अलोहा' भेटला.

हवाई बेटं. (आमच्या विषयाला याहून शोभणारं नाव कुठलं!) तिथल्या विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन नावाचा प्राध्यापक. बेटांमध्ये समुद्र, आणि सगळ्यांना एकाच मुख्य संगणकाशी बोलायचं. त्यानं १९७१मध्ये रेडिओवर जाळं चालू केलं आणि नियम ठेवला अगदी साधा: बोलायचं असेल तेव्हा बोला, पोच आली नाही तर थोडं थांबा आणि पुन्हा बोला. किती थांबायचं ते मात्र प्रत्येकानं आपापलं, लहर लागेल तसं. मी पुस्तक मिटलं आणि बाहेर जाऊन विडी ओढली. (तेव्हा ओढायचो.) आजीचा नियम छापील होता, वर त्याचं गणितही होतं: या पद्धतीत हवेचा उपयोग फार तर १०० पैकी १८ भाग होतो, उरलेले टकरीत आणि शांततेत जातात. पुढच्याच वर्षी लॅरी रॉबर्ट्सनं सुचवलं की सगळ्यांनी घड्याळाच्या ठोक्यालाच बोलायला सुरुवात करावी. एवढ्या एका शिस्तीनं १८चे ३७ होतात. आमच्या दोन वाड्यांमधल्या गोंधळालाही नाव होतं: छुपा शेजारी. ज्याची हाक आपल्याला ऐकू येत नाही, पण आपलं बोलणं तोच बिघडवतो.

त्या रात्री माझा विषय ठरला. पदव्या फार नंतर आल्या. एम.टेक. लग्नानंतर, पीएच.डी. मुलगी पाचवीत असताना. नोकरीतल्या मास्तरांना पगारी रजेवर संशोधनाला पाठवणारी केंद्राची क्यूआयपी योजना १९७०पासून आहे. तिच्यातून २००३ साली, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, मी वसतिगृहाच्या खोलीत राहायला गेलो. शेजारच्या खोलीतली पोरं मला काका म्हणायची आणि सी प्लस प्लस शिकवायची.

संशोधन सगळं सिम्युलेटरवर. एनएस-२ नावाचा प्रोग्राम, त्यात आभासी यंत्रं, आभासी हवा. आलेख सुरेख येत. प्रगती-सादरीकरणात एका वयस्क परीक्षकांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "यातल्या हवेत वारा असतो का हो?" लोक हसले. मला झोप आली नाही.

नशीब असं, की जानेवारी २००५मध्ये सरकारनं २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा घराबाहेरही विनापरवाना खुला केला. मी गाइडांना म्हटलं, गावी जातो. खाडीच्या तोंडावरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या उंच पठारावर, ओळखीच्यांचं आंब्याचं खोपटं होतं, तिथं एक जाळीचा अँटेना. सात किलोमीटरवर पाण्यापलीकडच्या शाळेच्या गच्चीवर दुसरा. मध्ये नुसतं पाणी, ना झाड ना इमारत. पहिले दोन दिवस काहीच चालेना. सिग्नल भरपूर, पण माहितीचं तेच पाकीट पुन्हा पुन्हा जायचं. कारण कळल्यावर मी कपाळावर हात मारला. वायफाय बनवलंय घर-ऑफिसापुरतं. सात किलोमीटर जायला लहरीला २३ मायक्रोसेकंद, पोच परत यायला आणखी २३. तेवढा दम त्या कार्डात नव्हताच. कंदील हलतोय, पण हा बाबा त्याआधीच पुन्हा ओरडतोय. लिनक्सवरच्या मॅडवायफाय ड्रायव्हरला अंतर सांगायची सोय होती. ते भरलं आणि लिंक लागली. शाळेच्या मुख्याध्यापकांनी पेढे वाटले.

चौथ्या दिवशी दुपारी लिंक पडली. तासाभरात आपोआप आली. रात्री पुन्हा गेली, पुन्हा आली. मी कनेक्टर बदलले, केबल बदलली, इन्व्हर्टरवर संशय घेतला, खोपट्यातल्या माकडांवर घेतला. आठ दिवस वहीत वेळा मांडत होतो. नवव्या दिवशी शाळेचा शिपाई शांतपणे म्हणाला, "सर, तुमची लाइन जाते ना, त्याच टायमाला मी तिसऱ्या काढायला जातो."

तिसऱ्या म्हणजे शिंपल्या, त्या निघतात सुकतीला, पूर्ण ओहोटीला. वही पाहिली. लिंक पडायची वेळ रोज पाऊण तास, पन्नास मिनिटं पुढे सरकत होती.

अँटेनाकडून अँटेनाकडे एक लहर सरळ जाते आणि दुसरी पाण्यावर आपटून. दोन्ही जुळल्या तर सिग्नल वाढतो, उलट्या पडल्या तर एकमेकींना खातात. पाणी वर-खाली झालं की दुसरीचा रस्ता बदलतो. आमच्या उंचीचा हिशेब असा बसला होता, की पूर्ण ओहोटीला त्या नेमक्या उलट्या पडायच्या. हे पुस्तकात होतं. मीच दरवर्षी शिकवत होतो, परीक्षेत सात मार्कांना विचारत होतो.

उपाय शिपायानंच करून दिला, म्हणजे गच्चीच्या खांबावर तीन मीटर खाली दुसरा अँटेना बांधला. एक आंधळा झाला की दुसरा बघतो. त्यानंतर ओहोटीला लिंक पडली नाही.

आता पुतण्याच्या मुलाला न सांगितलेला भाग. त्या भरती-ओहोटीच्या नोंदी मी छापल्याच नाहीत. माझा प्रबंध होता 'कुणी कधी बोलावं' यावर, भरती हा मला अडथळा वाटला. परिशिष्टात दीड पान दिलं आणि पुढे गेलो. २०१०च्या सुमारास वाचनालयात एक निबंध हाती आला. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर एडिनबरा विद्यापीठातल्या महेश मरिना यांच्या गटानं टेगोला नावाचं ग्रामीण जाळं उभारलं होतं, पाण्यावरून जाणाऱ्या लिंकांचं. त्यांनी त्याच भरतीच्या त्रासावर संशोधन करून तोडगा छापला होता. आमच्यापेक्षा कितीतरी पद्धतशीर. माझी वही कपाटात होती. आजही आहे.

पुढे सहयोगी झालो, प्राध्यापक झालो, विभागप्रमुख झालो. विभागप्रमुखपदाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. गेल्या जूनमध्ये निवृत्त झालो.

---

समुद्रपक्षी

+१. वाचनखूण साठवली आहे. "माकडांवर संशय घेतला" इथं फुटलो. कोकणात राहून माकडांवर संशय घेणं हीच खरी वैज्ञानिक वृत्ती.

---

तर्कटी

लेख रंजक आहे, पण काडी टाकतोच. ५जीतली एकूण एक गोष्ट कंपन्यांनी केली. आपल्याकडच्या प्राध्यापकांनी वायरलेसमध्ये केलं काय, तर पेपर पाडले आणि बढत्या घेतल्या. धागालेखकांनीच कबुली दिलीय की हाती आलेला शोधही छापला नाही.

दुसरं: भरतीची गोष्ट जरा जास्तच गोंडस वाटतेय. आकडे द्या.

---

खाडीपलीकडचा

देतो. सड्यावरचा अँटेना ओहोटीच्या पाण्यापासून साधारण ६५ मीटर, शाळेचा २०, अंतर ७०००. दोन रस्त्यांतला फरक म्हणजे दोन्ही उंचींचा दुप्पट गुणाकार भागिले अंतर: ३७ सेंटीमीटर. पाणी दोन मीटर चढलं की उंची ६३ आणि १८, फरक उरतो साडेबत्तीस. म्हणजे पावणेपाच सेंटीमीटरचा बदल. २.४ गिगाहर्ट्झची लहर साडेबारा सेंटीमीटर लांब. ३७ म्हणजे जवळजवळ नेमक्या तीन लहरी. पाण्यावर आपटताना लहर उलटी होते, त्यामुळे पूर्ण लहरींचा फरक हाच वाईट. तीन मीटर खालच्या अँटेनाला हा फरक साडेपाच सेंटीमीटरनं कमी, म्हणजे जवळपास अर्धी लहर. पृथ्वीची गोलाई धरलेली नाही, सात किलोमीटरला तिचा फार फरक पडत नाही.

कबुलीबद्दल: हो, दिलीच आहे.

---

जुना टेलिफोनवाला

तर्कटीराव, हलकं घ्या, पण माहिती अपुरी आहे. मी दूरसंचारात ३४ वर्षं काढली, पैकी बरीच रत्नागिरी-सिंधुदुर्गात. केबल टाकायला कातळ फोडावा लागायचा तेव्हा मद्रासच्या आयआयटीतल्या अशोक झुनझुनवालांच्या गटाचं कॉरडेक्ट आलं. शेवटच्या टप्प्यात तारेऐवजी रेडिओ, त्यावर फोन आणि ३५ किलोबिटचं इंटरनेट. आज हसाल. त्या काळी खेड्यात तेही कुणी देत नव्हतं.

पण मला सांगायचंय ते आरोग्यस्वामी पॉलराज यांच्याबद्दल, कारण त्यांची वाट प्राध्यापकीच्या कुठल्याच चौकटीत बसत नाही. माणूस नौदलातला. खडकवासल्याला प्रबोधिनीत शिकलेला, पीएच.डी. दिल्लीच्या आयआयटीतून, तीही नौदलात असतानाच. १९७१च्या युद्धात ९ डिसेंबरला दीवजवळ पाणबुडीनं आयएनएस खुकरी बुडवली. आपल्या जहाजांचे सोनार (आवाजावरून पाण्याखालचं हेरणारी यंत्रं) तोकडे पडतात हे तेव्हा फार किंमत मोजून कळलं. पुढे पॉलराज यांच्या नेतृत्वाखाली देशी सोनार तयार झाला, अप्सोह. पाण्यातल्या गोंगाटात अनेक कानांनी ऐकून एक आवाज वेगळा काढायचा, हे काम त्यांनी वर्षानुवर्षं केलं. नौदलातून निवृत्त झाल्यावर, पंचेचाळिशी उलटून गेलेली असताना, ते स्टॅनफर्डला गेले आणि तिथं रेडिओच्या बाबतीत कल्पना मांडली, की अनेक अँटेना लावले तर एकाच पट्ट्यातून एकाच वेळी अनेक वेगळे प्रवाह पाठवता येतील. १९९२मध्ये पेटंटचा अर्ज, दोन वर्षांनी मंजुरी. लोकांचा विश्वास बसत नव्हता. आज तुमच्या घरातल्या वायफायच्या डब्याला जी तीन-चार शिंगं असतात ती त्याच कल्पनेची. मायमो म्हणतात. २०१४चं मार्कोनी पारितोषिक त्यांना मिळालं.

तेव्हा 'सगळं कंपन्यांनी केलं' हे कंपन्यांनाही मान्य होणार नाही.

---

खाडीपलीकडचा

टेलिफोनवाले, दंडवत. दोन नावं मी जोडतो. लांब पल्ल्याच्या वायफायवर भास्करन रामन आणि कामेश्वरी चेब्रोलू यांनी केलेलं काम माझ्या प्रबंधाच्या वेळी उशाशी असायचं. कानपूर आयआयटीत असताना त्यांनी गंगेच्या मैदानात गावं जोडली, नंतर दोघं पवईला, मुंबई आयआयटीत आले. एका खांबावर तीन दिशांना तीन अँटेना असले की एक बोलताना दुसऱ्याच्या कानठळ्या बसतात. २००५च्या निबंधात तोडगा असा: खांबावरच्या सगळ्यांनी एकदम बोलायचं आणि मग सगळ्यांनी एकदम ऐकायचं. 'आधी ऐका, मग बोला' हा वायफायचा मूळ धर्मच त्यांनी सोडून दिला. मी तो निबंध वाचून आठवडाभर चिडलो होतो, की हे मला का सुचलं नाही.

आणि पालघर तर आपल्याच कोकण विभागातलं. मुंबई आयआयटीतल्या अभय करंदीकरांच्या गटानं तिथल्या गावांत टीव्हीच्या रिकाम्या पट्ट्यातून इंटरनेट पोचवून दाखवलं. त्या पट्ट्यातल्या लहरी लांब असतात, झाडोऱ्यातून बऱ्यापैकी पार होतात. डोंगर-झाडीच्या मुलखाला २.४पेक्षा तेच बरं. त्यांच्या ग्राममार्ग प्रकल्पाला २०१७मध्ये मोझिलाच्या स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं. करंदीकर पुढे कानपूर आयआयटीचे संचालक झाले आणि नंतर केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागाचे सचिव.

---

मागचा बाक ९९

सर!! ओळखलंत का? नाही ओळखणार. १९९९ची बॅच. तोंडी परीक्षेत तुम्ही विचारलं होतं, "अलोहात पोच आली नाही तर काय करशील?" मी म्हटलं, "सर, पुन्हा पाठवीन." तुम्ही म्हणालात, "कधी?" मी म्हटलं, "लगेच." तुम्ही २५ पैकी ९ दिलेत. आज पंचवीस वर्षांनी कळलं की तो तुमच्या आजीचा अपमान झाला होता.

---

खाडीपलीकडचा

९ जास्तच दिले म्हणायचे.

---

सई_दापोली

मला जरा वेगळं विचारायचंय. मुलगी सेकंड इयरला आहे, ई अँड टीसी (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन). तिला हाच विषय घेऊन प्राध्यापक व्हायचंय. घरात सगळे "कंप्युटर घेतलं असतंस तर" म्हणून तिच्या मागे लागलेत. निसर्ग वादळाच्या वेळी (३ जून २०२०) आमच्याकडे वीज नव्हती, फोन नव्हते, मुंबईच्या नातेवाइकांना आम्ही जिवंत आहोत हे सांगायला तिचे बाबा मोटरसायकलवरून कितीतरी लांब गेले होते. तेव्हा ती आठवीत होती. तेव्हापासून तिच्या डोक्यात हे आहे. आई म्हणून मी काय सांगू?

---

तासिकावाली

सईताई, मी आत्ता या घाण्याला जुंपलेली आहे म्हणून आधी मीच सांगते, सरांच्या काळातलं चित्र डोळ्यासमोर ठेवू नका.

मी पीएच.डी. झालेय, विषय सेन्सर नेटवर्क्स. सातव्या आयोगाप्रमाणे सहायक प्राध्यापकाची सुरुवात ५७,७०० मूळ पगारावर होते. ही सरकारी किंवा अनुदानित जागेची गोष्ट. अशा जागा निघतात कधी आणि भरतात कधी! मी एका खासगी महाविद्यालयात आहे (नाव नको), तिथं माझ्या हातात पडणारा आकडा इथं लिहायची लाज वाटते, आणि तोही तीन-तीन महिने पडत नाही. काम काय? आठवड्याचे तास, मग मानांकनाच्या फायली, मग उन्हाळ्यात प्रवेशासाठी गावोगाव फिरणं. हो, आम्ही डॉक्टरेट झालेली माणसं बारावीच्या मुलांच्या घरी जाऊन माहितीपत्रकं देतो. मागच्या मे महिन्यात एका घरी कोकम सरबत दिलं आणि म्हणाले, "मॅडम, पोराला ए.आय. पायजे, तुमच्याकडे हाय का?" आमच्या शाखेच्या जागा कमी करून त्या तिकडेच वळवल्यात.

आणि छापण्याबद्दल. पैसे घेऊन आठ दिवसांत छापणारी नियतकालिकं रोज मेल पाठवतात. सरांची वही कपाटात राहिली हे वाचून वाईट वाटलं, पण सर, आज तुम्ही असता तर त्याच वहीचे पाच तुकडे करून पाच ठिकाणी छापायला लावलं असतं.

---

खाडीपलीकडचा

तासिकावालीताई, तुमचं एक अक्षर खोटं नाही. मी विभागप्रमुखपदाबद्दल 'लिहिण्यासारखं काही नाही' असं लिहून सटकलो, ते याचमुळे. त्या फायलींवर सह्या माझ्याही आहेत. प्रवेशासाठी मास्तरांना फिरायला पाठवलं तेव्हा मी तोंड उघडलं नव्हतं.

सईताई, मुलीला थांबवू नका, पण तिला वाट नीट दाखवा. पदवीनंतर लगेच खासगीत शिकवायला लागायचं आणि मग सवडीनं शिकायचं, ही माझी वाट होती. ती आता बंद समजा. गेटची परीक्षा द्यावी, चांगल्या संस्थेत पूर्णवेळ पीएच.डी. करावी. शिष्यवृत्ती २०२३पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,०००, नंतर ४२,००० आहे, पोट भरतं. संभाव्यतेचं गणित आत्तापासून पक्कं करावं, वायरलेसमध्ये बाकी सगळं त्याच्यावर उभं आहे. सिम्युलेटर शिकावा (आता एनएस-३), पण निदान एकदा तरी स्वतःच्या हातानं दोन यंत्रं उन्हापावसात बांधून बघावीत. आणि प्राध्यापकी मिळालीच नाही तरी हे शिक्षण वाया जात नाही. चिप, मोबाइल, उपग्रह, सगळीकडे माणसं लागतात. कंप्युटरवाल्यांपेक्षा कमी जागा, हे मात्र खरं.

वादळाबद्दल तिला एक सांगा. निसर्गमध्ये फोन गेले ते काही लहरी उडून गेल्या म्हणून नव्हे. मनोरे वाकले, वीज गेली, डिझेल पोचलं नाही, रस्त्याकडेच्या केबल झाडांबरोबर उपटल्या. वायरलेस म्हणतो आपण, पण मनोऱ्यामागे वायरच असते. एक तुटली की मागचं सगळं मुकं. तुटल्यावरही गावं आपसांत बोलत राहतील असं जाळं कसं बांधायचं, हा प्रश्न तिला दहा वर्षं पुरेल.

---

कोकणकन्या_एस५

अवांतर: पावसात आमच्या टीव्हीची छत्री बंद पडते पण वायफाय चालू राहतं, ते का?

---

जुना टेलिफोनवाला

छत्रीच्या लहरी १०-१२ गिगाहर्ट्झच्या, अडीच सेंटीमीटरच्या आसपास. त्या पावसाच्या थेंबांना अडखळतात, आणि कोकणातला पाऊस म्हणजे काय ते सांगायला नको. २.४ला पावसाचं सोयरसुतक नाही. भिजलेल्या झाडांचं मात्र असतं.

---

तांडेल_मालवण

मास्तरांनू, वाचलंय सगळा. माका गणित कळना नाय, पन तरीची हाक बरी कळली. आमच्या बोटीर वायरलेस म्हणजे व्हीएचएफचो डबो. सोळा नंबर चॅनल. सकाळच्या टायमाक त्याच्यार इतके जण एकदम बोलतत की कोनाचाच कायएक ऐकाक येना नाय. तुमच्या आजीक बोलवक व्हया थय.

माझा इचारना ह्यां की, किनाऱ्यापासून लांब गेलंव की डबो मुको होता. खयपर्यंत चलूक व्हयो?

---

खाडीपलीकडचा

तांडेलदादा, या सगळ्या धाग्यातला कामाचा प्रश्न तुम्ही विचारलात.

व्हीएचएफची लहर साधारण डोळ्याला दिसेल तिथवर जाते, किंचित पुढे. दोन्ही अँटेनांच्या उंचीची मीटरमध्ये वर्गमुळं काढा, बेरीज करा, चारानं गुणा, तेवढे किलोमीटर. बोटीवर अँटेना चार मीटरवर असेल तर वर्गमूळ दोन. बंदरातला खांब २५ मीटरचा, त्याचं पाच. सात चोक अठ्ठावीस. हाच किनाऱ्यावरचा अँटेना ८० मीटर उंच सड्यावर ठेवला तर नऊ आणि दोन अकरा, म्हणजे ४४ किलोमीटर. डबा तोच, पैसे तेच, फक्त जागा बदलली. बोट ते बोट मात्र दोन आणि दोन चार, सोळा किलोमीटर. लांब गेल्यावर डबा मुका होतो म्हणता तो म्हणूनच. त्यात अँटेना केबिनच्या मागे लोंबत असेल किंवा कनेक्टरला मीठ चढलं असेल तर याच्या निम्मंही नाही.

तुमच्याकडे किनाऱ्यावरचा डबा कुठं बसवलाय?

---

तांडेल_मालवण

सोसायटीच्या हापिसात. खिडकेत.

---

तर्कटी

मी बोललो ते थोडं मागे घेतो. थोडंच. खिडकीतला डबा सड्यावर न्यायला प्राध्यापक लागतो हे पटलं नाही, पण आजवर कुणी नेला नाही हेही खरं.

---

खाडीपलीकडचा

तांडेलदादा, किनाऱ्यावरच्या डब्याला परवाना लागतो, जागा बदलायची तर त्याचे कागद आधी बघायला हवेत. टेलिफोनवाले, ते तुमचं खातं. ३१ जुलैपर्यंत मासेमारीला बंदीच आहे, बोटी वर ओढलेल्या असतील. तेवढ्यात मी येऊन जागा बघून जातो. गाड्यांना गर्दी नसते, वेळही भरपूर आहे. केबल आणि चांगला अँटेना मी आणतो. खांब तुमच्याकडे असेल ना?

---

तांडेल_मालवण

खांब आसा मास्तरांनू. जुन्या गलबताचो डोलकाठयेचो, सागवानी. येवा कधीय, जेवक आमच्याकडेच. पन एक सांगा, सड्यार नेवन उभो केल्यार त्याच्यार चढतलो कोण?

---

मागचा बाक ९९

मी येतो सर. ९ चे २५ करा.